मेजरीण अक्का आणि नाल्यापलीकडचा चेंडू

शिंदखेड्याजवळच्या आमच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या कापून झाल्या की वखर घालायला बंदी असे. बंदी घालणारी माझी आत्या. नवरा फौजेत मेजर, म्हणून साऱ्या गावाची मेजरीण अक्का. मीही अक्काच म्हणायचो. छावण्या फिरता फिरता ती गोल्फ शिकली. मेजर गेल्यावर धुळ्यात देवपूरला राहायला आली, तरी दर रविवारी कॅनव्हासचे बूट घालून शेतात हजर. वडील कुरकुरत, "अक्का, हाई वावर शे, मैदान नही." ती म्हणे, "पाऊस पडेपर्यंत मैदानच."

शेताच्या मधोमध कोरडा नाला आहे. मेजरांच्या तीन नंबरच्या लोखंडी क्लबने चेंडू त्यापलीकडे टाकायचा, एवढाच तिचा हट्ट. पण गोल्फच्या त्या काठीचं पातं पातळ, त्याला जोर लागतो, आणि खांदा आखडल्यापासून तिचा चेंडू उठेना. आमचा सालदार गडी निंबा आबा ओरडून सांगे, "अक्का, चेंडू नालामा पडना." अक्का म्हणे, "वारा होता." झाडाचं पानही हलत नसे.

एका रविवारी सगळेच चेंडू नाल्यात गेले. अक्काने क्लब पिशवीत घातला आणि वडिलांना म्हणाली, "घाला वखर." तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. ही बाई खेळायची थांबली तर घरात बसून वाळेल, हे सगळ्यांना कळत होतं.

मी तिला नाशिकच्या दुकानात नेलं. फुगीर डोक्याचा, रुंद बुडाचा हायब्रिड क्लब पाहून तिने नाक मुरडलं. दुकानदार म्हणाला, "यालाच रेस्क्यू म्हणतात, बाई. अवघड जागेतून चेंडू सहज उचलतो." अक्का म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्यांची सोय." त्याने गालिच्यावर चेंडू मांडला. अक्का म्हणाली, "यावरून कुणीही मारील. मागे मुरूम आहे ना, तिथे चला." तिथे तिने हट्टाने हायब्रिडमधलाही तीन नंबरच मागितला, कारण मेजरांचा तोच. चेंडू सरपटत गेला. मग दुकानदाराने चार नंबरचा, हलक्या दांड्याचा दिला. चेंडू अलगद वर चढला. अक्का बराच वेळ तिकडे बघत राहिली आणि चार नंबर घेऊन गाडीत बसली.

पुढच्या रविवारी पऱ्हाटीच्या खुंटांतून क्लब न अडकता घसरला आणि चेंडू नाल्यावरून गेला. "पल्याड गया, अक्का," निंबा आबा म्हणाला. आम्ही तिच्या हसण्याची वाट बघत होतो. ती बांधावर बसली आणि रडायला लागली.

"मेजर शेवटी खेळायचे थांबले ना, ते गुडघ्यांमुळे असं सांगायचे. गुडघे चांगले होते रे. त्यांचाही चेंडू उठत नव्हता. आणि मी मागे उभी राहून म्हणायचे, जोर लावा."

अक्का त्यानंतर आपल्या शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत खेळली. आता ती नाही. माझ्या मुलीला एखादी गोष्ट जमेनाशी झाली की "जोर लाव" हे शब्द माझ्या ओठांवर येतात. मी ते गिळतो आणि तिच्याजवळ जाऊन बसतो.