गंजलेल्या पेटीतली पत्रिका

मंडळी, आज सकाळी आमच्या सोसायटीची मीटिंग जिन्याखालीच झाली. विषय एकच: गंजलेल्या बारा टपालपेट्या दुरुस्त करायच्या की काढून टाकायच्या?

तळमजल्यावरचे वानखडेकाका म्हणाले, "द्या भंगारात. आता पत्र कोन लिहून राह्यलं?"

सेक्रेटरी मीच, म्हणून आधी पेट्या रिकाम्या करायला घेतल्या. काकांच्या पेटीचं कुलूप तोडावं लागलं. आत लाइटची जुनी बिलं आणि एक लग्नपत्रिका निघाली. काकांच्या समोरच राहणाऱ्या गवईभाऊंच्या मुलीची, दोन वर्षांपूर्वीची!

लग्नाला बोलावलं नाही म्हणून काका तेव्हापासून गवईभाऊंशी बोलत नव्हते.

"पाहा काका," गवईभाऊ म्हणाले, "तुमी गावाले गेले होते, म्हणून पेटीत टाकली होती."

मला वाटलं, मिटलं एकदाचं. पण काका आणखीच भडकले. "समोरासमोर दारं आपली! आल्यावर एक डाव दार वाजवाले काय झालं होतं? पत्रिका हातात देतेत. ते काय लाइटचं बिल हाय?"

गवईभाऊंनी ती पत्रिका घेतली आणि दोन्ही हातांनी काकांना दिली. "चुकलं काका."

काकांनी ती घडी करून खिशात ठेवली. "चाय मांडाले सांग घरी. येतो."

पेट्या राहिल्या, कुलपं नवी येतील. लग्नपत्रिका मात्र पेटीत टाकायची नाही, असं ठरलं. तुमच्याकडे पेटीतलं बोलावणं चालते काय?