भर उन्हाळ्यात मागितलेली क्षमा

अनुज, रिया, तुमचे बाळूआजोबा हुपरीच्या रस्त्यावर अपघातात गेले, एवढंच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. आता त्या ट्रकच्या ड्रायव्हरवर खटला उभा राहतोय, म्हणून राहिलेलंही तुम्हाला कळावं असं मला वाटतं.

बाळूच्या मुलाचा, सुहासचा फोन आला आणि मी दवाखाना गाठला. माझा धाकटा भाऊ चादरीखाली होता. जिथे छाती असायला हवी तिथे चादर सपाट होती... शेजारच्या खाटेवर ड्रायव्हर. लोकांनी त्याला केस धरून खाली ओढलं होतं, लाथांनी तुडवलं होतं, त्याच्याच गाडीतला लोखंडी पाना कुणीतरी त्याच्या तोंडावर घातला होता. डाव्या डोळ्याच्या जागी रक्ताचा गोळा. तो सीमेपलीकडचा, कर्नाटकातला. मला म्हणाला, "अज्जी, ते स्वतःच आडवं आले हो. मी ब्रेक दाबला..." सुहास तिथेही त्याच्या अंगावर धावला. वॉर्डबॉयनी त्याला धरलं.

बाळू आपल्या कारखान्यात चांदीचे पैंजण करायचा. प्रत्येक जोड कानाशी हलवून बघायचा आणि आवाज पसंत पडला नाही की कारागिराला विचारायचा, "ह्ये नवरीच्या पायात घालायचं का म्हशीच्या?" त्याची बायको वारल्यावर हे बोलणं कमी होत गेलं. जाण्याच्या आठवड्यात तो कोल्हापूरला माझ्याकडे आला, चहा प्यायला आणि उठताना हात जोडून म्हणाला, "ताई, काय चुकलं असंल तर क्षमा कर." आपण जैन माणसं अशी क्षमा भाद्रपदात, पर्युषण संपल्यावर एकमेकांना मागतो. तेव्हा तर चैत्र चालू होता. मी म्हटलं, "अरे, आत्ताच कसली क्षमा?"

"तवा लई गर्दी असती की. आधीच उरकून घेतो."

आम्ही दोघंही हसलो. तो वारल्यावर भेटायला येणाऱ्यांकडून कळलं की तो सुनेकडे, कारागिरांकडे, दूधवाल्याकडेही असेच हात जोडून आला होता. म्हातारा चेष्टा करतोय, असंच प्रत्येकाला वाटलं होतं.

हे मी हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "आजी, क्षमा मागणं हा काय पुरावा व्हय? चिठ्ठी न्हाय, बघणारा न्हाय. आमच्याकडं ह्यो अपघातच."

"आणि ड्रायव्हर?"

"त्येच्यावर हयगयीचा गुन्हा."

खात्री मलाही नाही, पण माझा जबाब घ्या, असं मी म्हटलं. त्यांनी तो घेतला.

जबाबाचं कळलं तसा त्या संध्याकाळी सुहास माझ्या घरी आला. पाण्याचा तांब्या त्यानं भिंतीवर इतक्या जोरात फेकला की गिलावा उडाला. "माझा बाप अपघातानंच गेलाय, आत्या! न्हायतर त्या माणसाच्या तोंडावर मी पाना कशापायी घातला?"

तोपर्यंत मला ते माहीत नव्हतं... तो जमिनीवर बसून ओरडत राहिला. मी त्याच्याजवळ बसले, पण जबाब मागे घेते असं काही म्हणाले नाही.

बाळूच्या मनात त्या सकाळी काय होतं, ते कुणालाच सांगता येणार नाही. कागदोपत्री अजून अपघातच आहे. कारखाना सुहास चालवतो. ड्रायव्हर जिवंत आहे आणि त्याचा उजवा डोळा शाबूत आहे.