बिनगिअरची होडी

आमच्या आत्याला माघार घेता येत नाही, असं घरात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. अख्ख्या धक्क्यावर मागे जाणं तिच्याइतकं कुणालाच जमत नाही.

नदीपलीकडच्या दवाखान्यात जाणारी माणसं ती होडीने ने-आण करते. होडीचं इंजिन तिच्याहून वयाने मोठं. एकच सिलिंडर, पुढे जात्याएवढं लोखंडी चाक, आणि गिअर नावाची वस्तूच नाही. इंजिन चालू म्हणजे होडी पुढे, बंद म्हणजे होडी तिच्या मर्जीने. त्या इंजिनाला सगळे ‘जावई’ म्हणतात, कारण सकाळी मनधरणी केल्याशिवाय ते उठत नाही आणि उठलं की साऱ्या वस्तीला कळतं.

मग अशी होडी धक्क्याला थांबवायची कशी? आत्या इंजिनाचं बटण बंद करते. चाक मंदावतं. शेवटच्या फेरीत ते वर चढता चढता अडखळतं, पलीकडे जायचा जोर उरलेला नसतो. नेमकं तेव्हा बटण चालू केलं की ठिणगी चाकाला उलटं ढकलते आणि जावईबापू मुकाट्याने उलटे फिरायला लागतात. होडी थबकते, तिची मागची बाजू डावीकडे सरकते आणि अलगद धक्क्याला टेकते. बटण उशिरा दाबलं तर इंजिन मरतं. लवकर दाबलं तर ते पुन्हा पुढेच धावतं, आणि पुढे तर धक्का असतो.

मागच्या उन्हाळ्यात आत्याने लवकर दाबलं. होडी बाबांच्या नव्या कोऱ्या होडीवर आदळली, आणि आत बसलेल्या नर्सबाईंचा हात मोडला.

बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. धक्क्यावरच त्यांची दुरुस्तीची शेड आहे. आजोबांनी आत्याची होडी दोघांच्या नावावर ठेवलेली, त्यामुळे बाबांनी अडवलं तर अडलंच. ते म्हणाले, “ताई, गिअरवालं इंजिन बसव, नाहीतर होडी विकू.”

“जावई बदलत नसतात,” आत्या म्हणाली.

बाबांनी एका फळीवर लाल रंगाने ‘विकणे आहे’ असं लिहून ती होडीच्या नाकावर ठोकली. दोनच दिवसांत फळी गायब.

“वाऱ्याने गेली असेल,” आत्या म्हणाली.

“खिळ्यांसकट?”

“वाराच तसा होता.”

एकदा मी तिच्यासाठी चहा घेऊन धक्क्यावर गेले. होडी बांधलेलीच होती आणि आत्या आत उभी राहून इंजिन उलटसुलट फिरवत होती. डोळे मिटलेले, पाय अनवाणी. जी बाई चपलेशिवाय अंगणातसुद्धा उतरत नाही ती! मी हाका मारल्या. तिने वळूनही पाहिलं नाही. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा दचकली.

“कान गेले गं,” ती म्हणाली. भाजी संपली म्हणावं तितक्या सहज. “चाक अडखळतं ना, तेव्हा एक उसासा टाकतं. तो ऐकून मी बटण दाबायचे. आता येत नाही ऐकू. माणसांचं बोलणं ओठ बघून कळतं, याला ओठ कुठले?” मग एकदम आवाज चढवला. “पण पायाला कळतं! तळव्याखाली येऊन थांबतं ते. तुझ्या बापाला सांगितलंस तर याद राख.”

मला रडू आलं आणि रागही आला. त्या नर्सबाईंचा हात आठवून तिच्यावर आला, आणि बाबांवरही. फळी रंगवायला वेळ मिळाला, पण बहिणीला काय होतंय हे विचारायला मिळाला नाही त्यांना.

त्या आठवड्यात आत्याने जेवताना जाहीर केलं, “उद्या रिकामी होडी लावून दाखवते. आदळले तर खुशाल विक.”

“माझी होडी बाजूला घेतो,” बाबा म्हणाले.

“हात लावू नकोस तिला. तिच्या शेजारच्या फटीतच लावणार.”

सकाळी सगळा धक्का बघायला जमला. नर्सबाईही आल्या. होडी पलीकडून निघाली, धक्क्याजवळ आली तेव्हा मला दिसलं. आत्याच्या पायात चपला होत्या! चारचौघांत, भावासमोर अनवाणी उभं राहिलं तर कारण विचारतील, म्हणून तिने चक्क चपला घातल्या होत्या. तिने बटण बंद केलं, मग चालू केलं. उशीर झाला. इंजिन मेलं आणि होडी वाहत बाबांच्या होडीकडे निघाली.

बाबांनी बांबू पुढे केला.

“काठी आत घे!” ती ओरडली. दोन्ही हातांनी चाक ओढून तिने इंजिन पुन्हा उठवलं आणि वळण घेतलं. धक्क्याजवळून जाताना पायातल्या चपला काढून एकेक बाबांच्या दिशेने भिरकावल्या. एक त्यांच्या पायाशी पडली, दुसरी पाण्यात.

ती परत आली ती तिरकी, सरळ फटीच्या रोखाने. बटण बंद. चाक मंदावत गेलं. नर्सबाईंनी आपला बरा झालेला हात छातीशी घट्ट धरला. आत्याने डोळे मिटले, आणि इंजिन उलटं फिरलं. होडी थबकली, मागची बाजू सरकली, धक्क्याला टेकली. बाबांच्या होडीला ओरखडासुद्धा नाही.

बाबा चप्पल घेऊन होडीत उतरले. मागून दोनदा हाक मारली, ती वळली नाही. तिच्या पाठीमागे उभं राहून हळूच म्हणाले, “ताई, ऐकू येत नाही का गं तुला?”

ती दोर आवळत राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि तेच त्यांना उत्तर मिळालं.

इंजिन अजून चालू होतं. त्यांची नजर तिच्या अनवाणी पायांवर गेली, मग पायांखालच्या फळीवर. फळी इंजिनाच्या बैठकीला ठोकलेली होती. तिच्यावरचं लाल ‘विकणे आहे’ टाचांनी घासून निम्मं पुसलं होतं. बाबा खाली बसले, फळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून राहिले.

मग उठले, आत्याला आपलं तोंड दिसेल असे समोर आले आणि मोठ्याने म्हणाले, “एका कोपऱ्यात ढिली आहे. पक्की केली तर जास्त कळेल. खिळे आणतो.”

“पितळी आण,” आत्या म्हणाली. “आणि येताना माझी दुसरी चप्पल काढ पाण्यातून.”