सिरिलने दिलेलं अनुमोदन

सिरिल टॅपलोला मी ओळखत होतो असं म्हणवत नाही. पुष्कळ चहा प्यायलो आम्ही, पण त्याला साखर लागते की नाही हेही मला सांगता येणार नाही. दुधाच्या गाडीवर होता, निवृत्त झाला, बायको एडना वारली. एवढंच.

आमच्या ऑल्डरबी गावाची रेल्वे बंद पडली तेव्हा तिचे डबे शेतकऱ्यांनी कोंबड्यांसाठी नेले. सिरिलच्या सासऱ्याने नेलेल्या डब्याला विटांची भिंत आणि धुराडं जोडून लेकीला घर करून दिलं. डब्यात झोपायची खोली. पुढे आम्ही काही म्हाताऱ्यांनी मंडळ काढून त्या लाइनीचा इतिहास शोधायला घेतला. पूल सापडला, फलाटाच्या विटा सापडल्या, डबा मात्र एकही नाही. एकदा पावसात आडोशाला सिरिलकडे शिरलो, आणि पलंगाशेजारच्या दारावरचा रेल्वेचा पितळी क्रमांक पाहून आमच्या अध्यक्ष मिसेस क्रम्प मटकन खालीच बसल्या.

"हा आपल्या लाइनीचा डबा आहे," त्या म्हणाल्या.

"हो का? मग खिडकीशी बसा ना," म्हणत सिरिल चहा टाकायला गेला.

उपकार म्हणून आम्ही त्याला सभासद करून घेतलं. पुढच्या सभेत मिसेस क्रम्पनी ठराव मांडला: डबा उचलून जुन्या मालगोदामात प्रदर्शनाला ठेवावा. अनुमोदन कोण देणार? ज्याची खोली तो समोर बसलेला. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मीही. कोणीतरी खोकलं. मिसेस क्रम्पची मान लाल होत गेली.

तेव्हा सिरिलने हात वर केला.

घरी जाताना मी विचारलं, "अहो, तुम्ही कशाला? ठराव तिथेच बारगळला असता."

"बाई एकट्याच उभ्या होत्या हो. बरं दिसेना."

"पण खोली हवीय ना तुम्हाला?"

"हवीय तर. एडना तिथेच गेली. मला दुसरीकडे डोळाच लागत नाही."

"मग सांगा की त्यांना."

"आता? अनुमोदन दिल्यावर?"

क्रेन आली. घराची एक बाजू बिस्किटाच्या डब्यासारखी उघडी पडली. सिरिल क्रेनवाल्याला "जरा डावीकडे घ्या" सांगत होता. संध्याकाळी तो उशी काखेत मारून मालगोदामाच्या दारात उभा राहिला आणि फार त्रास नसेल तर इथे झोपू का, म्हणाला. अनुमोदकाला नाही कसं म्हणायचं? मिसेस क्रम्पनी पलंगही परत डब्यात आणवला.

रविवारी लोक बघायला येत. सिरिल दुपारचा आडवा झालेला असे. लोक म्हणत, माफ करा. तो म्हणे, छे, चूक माझीच, आणि पायांआडचं डब्याचं मूळ बाक दिसावं म्हणून पाय उचलून धरी. लेस्टरहून आलेल्या एका बाईला तो मेणाचा पुतळा वाटला. तिने गाल दाबून पाहिला. तिचा विरस होऊ नये म्हणून हा श्वास रोखून पडून राहिला. त्यानंतर मंडळाने त्याच्याभोवती दोरी लावली आणि पाटी टांगली: हात लावू नये. पाटी कुठे टांगावी हे त्यानेच दाखवलं.

त्याच पलंगावर तो झोपेत गेला. आदल्या संध्याकाळी गोदाम बंद करायची पाळी माझी होती.

"वारा सुटणार म्हणतात," मी म्हणालो.

"मग वरची खिडकी लावून जा."

"लावली."

"बरं."