व्यंगाचा रकाना

मास्तरकी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. वरून एक कोरा तक्ता आला की पुरे! दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास आम्हाला असाच एक आला. गावातली आंधळी, बहिरी, पांगळी मुलं मोजा. रकान्यात नाव गेलं की सक्तीच्या शाळेतून सूट, आणि हजेरीपटावरून नाव कमी.

*

सूट आहे हे कळायचा अवकाश, आमच्या माणदेशी गावात मेंढरं राखणारी सात पोरं एका सकाळी बहिरी झाली! मी ओरडलो, ताट वाजवलं. एकाची मान हलेना.

तेवढ्यात मागं कोकरू ओरडलं. सातही बहिरे गर्रकन वळले!

एकाचा बाप शांतपणे म्हणाला, "मेंढराचं येतंय ऐकू त्यास्नी. मान्साचंच न्हाई."

*

पुढच्या घरी उलटंच. नातवाच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी. मी टाक उचलला, तर पलटणीतले पेन्शनर हवालदार आजोबा कडाडले, "खबरदार! ट्रिगरचं बोट शाबूत हाय. फिट लिवा, फिट!"

उमेदवार पाच वर्षांचा होता, आणि रडत होता.

*

मुली मात्र गावभर ठणठणीत; उद्या लग्नं जमायची होती ना! पाय ओढत चालणाऱ्या लेकीची आई म्हणाली, "लंगडत न्हाई वो, सावकाश चालती."

"बाई, काहीतरी लिहावं लागेल."

"मग सासूबाईंचं लिवा. मी बोलल्यालं त्यास्नी कायबी ऐकू येत न्हाई!"

*

राहिली सुंदरा. देवीत डोळे गेलेले, मिरजेच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. पण वर्गाला पाढे तीच सांगायची. तिचं नाव लिहायला माझा हात धजेना. जागा कोरीच ठेवली.

शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले; सुंदराचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. घामाघूम झालेल्या साहेबांनी टोपी काढून टेबलावर धाडकन आदळली आणि विचारलं, "ह्या मुलीला दिसत नाही म्हणे?"

"मला साळंतनं काडू नगासा," सुंदरा म्हणाली.

साहेबांनी तीन बोटं वर केली. "किती?"

मागून कुणीतरी तीनदा खोकलं.

"तीन."

पाच बोटं. पाच खोकले.

"पाच."

साहेबांनी वर्गाकडं डोळे वटारले. सगळे चिडीचूप.

"आता सांग, माझ्या डोक्यावरच्या टोपीचा रंग कोणता?"

रंग खोकून कसा सांगणार? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी तर देवाचा धावा सुरू केला.

सुंदरा म्हणाली, "आवं सायेब, टोपी तुमी मगाशीच टेबलावर ठिवलीसा!"

साहेबांचा हात डोक्यावर गेला. तिथं टक्कल होतं. त्यांनी टोपी उचलली, नीट बसवली आणि दारातून वळून मला म्हणाले, "गुरुजी, हिचं नाव पटावर राहू द्या. आणि बाकीच्यांचा तेवढा खोकला बघा!"