घासलेले सांधे

त्याला सगळे फाटकवाला म्हणत. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, यात त्याची तीस वर्षं गेली. दोन पट्ट्या जिथे जोडल्यात तिथे डोळे मिटून बोट फिरवा, बोटाला काही लागणार नाही, हीच त्याच्या कामाची ओळख. वेल्डिंगचा फुगवटा तो ग्राइंडरने घासून असा सपाट करी, की लोखंड तसंच जन्माला आलं असावं.

एकदा घाटातल्या एका घराला कठडा बसवायला गेला, तर पुढचा रस्ता बंद. हौशी लोकांची मोटारींची रॅली होती, घड्याळ लावून शर्यत. साध्या नंबरप्लेटच्या, एरवी बाजारात उभ्या दिसतात तशा गाड्या डांबरावरून एकेक करून सुटत होत्या. चालवणारे कोण, तर दातांचा डॉक्टर, गवंडी, बँकेतली कारकून बाई. फाटकवाला कठडा तसाच टाकून दुपारभर तिथे उभा राहिला.

मग त्याने चौदा वर्षांची जुनी चार दारांची गाडी घेतली आणि सहा वर्षं प्रत्येक रविवार तिच्यात घातला. मागची सीट गेली, गालिचा गेला. ब्रेक बदलले, स्प्रिंगा आखूड केल्या, सीटच्या बाजूला आग विझवायची बाटली बसवली. हॉर्न, दिवे, सायलेन्सर मात्र कायद्याला हवे तसे ठेवले, कारण स्पर्धेच्या जागी गाडी रस्त्यानेच न्यायची होती. सगळ्यात मोठं काम आतल्या पिंजऱ्याचं. गाडी उलटली तर माणूस चेंगरू नये म्हणून छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा लागतो. त्यात बेचाळीस सांधे होते. त्यावर दोन वर्षं गेली.

रॅलीत शेजारी बसून वहीतली पुढची वळणं वाचून सांगायला त्याचा मेहुणा होता. धंद्याने शिंपी, जिभेने कात्री.

"दाजी, ताईचं कपाट लग्नापासून डुगडुगतंय, आणि इथे गाडीला दागिने घडवताय."

"कपाट उलटलं तर कोणी मरत नाही."

"ताईला विचारून बघा."

थट्टा चालायची, पण या वर्षी मेहुणा रविवार चुकवत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फाटकवाल्याला सांगितलं तेव्हा मेहुणा बाहेरच्या बाकावर होता, आणि त्याला सगळं ऐकू आलं. काचबिंदू. कडेचं दिसणं कमी होत चाललंय, गेलेलं परत येत नाही. "यंदा नियमात बसतंय, म्हणून रॅलीच्या दाखल्यावर सही करतो," डॉक्टर म्हणाले होते. "पुढच्या वर्षी सही मागायला येऊ नका." घरी बायकोला फाटकवाल्याने एवढंच सांगितलं, की डोळ्यांत घालायला थेंब दिलेत.

म्हणजे हाती एकच रॅली होती.

आदल्या दिवशी एका मोठ्या गोदामात गाड्यांची तपासणी होती. तपासनीस बाई वयस्क होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, पाइपांची जाडी मोजली, टायर दाबले. सगळं बरोबर. मग त्या पिंजऱ्यात वाकल्या आणि कोपऱ्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मीच." फाटकवाल्याच्या तोंडावर हसू मावेना.

"सांधा कुठाय?"

"सापडत नाही ना? तीस वर्षांचा हात आहे, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्या बाहेर आल्या, चष्मा डोळ्यांवर घेतला. "घासलेत तुम्ही. सगळे?"

"सगळे."

"फुगवटा काढलात म्हणजे जोर काढलात, दादा. गाडी उलटली की पाइप इथेच सुटेल. घासलेला सांधा बाद, नियमावलीत लिहिलंय."

लिहिलेलं होतं. मेहुण्याने ते पान मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. तेव्हा फाटकवाला म्हणाला होता, "ते कच्च्या हाताच्या लोकांसाठी. घासता घासता भोक पाडतात." आणि ग्राइंडर सुरू केला होता. ओबडधोबड सांधा लोकांपुढे ठेवायचा, ही गोष्टच त्याच्या डोक्यात शिरली नव्हती.

"वरून पुन्हा वेल्ड मारतो. इथेच. आत्ता."

"किती घासलंय ते आता मला कळणार आहे का? कापून नवा पिंजरा लागेल."

मेहुणा पुढे झाला. "बाई, आमचं जरा..."

"गप," फाटकवाला म्हणाला.

बाईंनी कागदावर रेघ ओढली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "इतकं स्वच्छ काम मी क्वचित बघितलंय. पुढच्या वर्षी या. मी स्वतः बघेन."

"हो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मागे गाड्यांची रांग होती. त्याने गाडी काढली आणि दोघं घराकडे निघाले. सिग्नलला तो थांबत होता, वळताना दिवा दाखवत होता. सहाएक किलोमीटर झाले. मग डावीकडून एक सायकलवाला अगदी काचेला घासून गेला. मेहुणा ओरडला, तेव्हा कुठे फाटकवाल्याने ब्रेक दाबला. सायकलवाला शिव्या देत पुढे गेला.

"दिसला नाही?" मेहुण्याने विचारलं.

फाटकवाल्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली मेहुण्याच्या हातात ठेवली आणि उतरून पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

बायको दारातच होती. आठवडाभर तिने देवाजवळ एकच मागितलं होतं, की या माणसाला धडधाकट घरी आण. एक दिवस आधीच गाडी आलेली, कुठे ओरखडा नाही, आणि चालवतोय भाऊ, हे पाहून ती पायरीवरच थांबली. हात जोडायला वर आले होते. नवऱ्याचं तोंड दिसलं तसे ते तिने खाली घेतले.

"काय झालं रे?" तिने भावाला विचारलं.

"नापास केली गाडी."

"मग पुढच्या वर्षी जा की. त्यात काय एवढं?"

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. फाटकवाला अजून सीटवरच होता, छातीवरचे पट्टे न सोडता.

"आत ये, ताई," मेहुणा म्हणाला. "बस जरा. थेंब कसले आहेत ते सांगायचंय."