बाबांचा डोळा आणि माझी वही

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी माझ्या वडिलांचा रक्तदाब १६८/१०० होता आणि त्याला सर्वस्वी रुग्णालय जबाबदार आहे, असा निष्कर्ष मी नऊ वाजून अठरा मिनिटांनी काढला. (सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या व्यक्तीला एवढा वेळ पुरतो.)

बाबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अत्यावश्यक होती. आदल्याच आठवड्यात त्यांनी बदलापूर गावातल्या बाजारातून आईऐवजी भलत्याच बाईंना स्कूटरवर बसवून थेट आमच्या दारात आणले होते! त्या बाईंनाही आमच्या बेलवलीलाच यायचे होते, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. आई मात्र अजून बोलते आहे.

डोळ्यांचे डॉक्टर उल्हासनगरहून पंधरा दिवसांतून एकदाच येत आणि साडेबाराला निघत. त्यांची अट एकच : "काका, बीपी एकशे पन्नासच्या खाली आया, तो ही आँख को हात लगाऊंगा."

रुग्णालय आठ खाटांचे, पिठाच्या गिरणीच्या वर. मी रुग्णसेवेच्या गुणवत्तेचे बावीस निकष आखलेली वही घेऊन गेले होते. मंदा सिस्टरांना 'अनावश्यक गप्पा' या निकषावर मी दहापैकी दोन गुण दिले होते.

"सिस्टर, पट्टा हृदयाच्या पातळीवर नाही."

"हाय गं बाय."

"आणि गिरणीच्या कंपनांमुळे आकडा चुकतो. मी ती बंद करायला सांगून आले आहे."

"गिरणी बंद केलीस?" बाबा ताडकन उठून बसले. १७६!

मी पिशवीतून स्वतःचे यंत्र काढले आणि दर पाच मिनिटांनी मोजू लागले.

"बाबा, शांत व्हा."

"झालोय."

"नाही झालात. आकडा सांगतोय."

"मग त्या आकड्याला शांत कर!"

१८२. तेवढ्यात दळणाच्या डब्यांसह चार बायका आणि गिरणीवाला वर आले. गिरणीवाल्याने बाबांचा हात हातात घेतला. "काका, तुमच्यासाठी गिरणी थांबवली, म्हणजे ऑपरेशन मोठं दिसतंय. घाबरू नका. माझे सासरे पण तसे बरे होते... शेवटपर्यंत."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. "डोळ्याचंच आहे ना गं? की तुम्ही काही लपवताय?" १८८!

साडेदहा झाले होते. मंदा सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर काढले. शेवटी माझ्याकडे वळल्या. "बाय, तू पन जरा भायेर जा."

"मग नोंदी कोण घेणार?"

"माजेकडं पन पेन हाय."

मी व्हरांड्यात उभी राहिले. खाली गिरणी पुन्हा घरघरू लागली. आतून आवाज येत होता.

"काका, वालाच्या बिरड्यात तुमच्याकडं काय घालतात? सोडे की कोलंबी?"

"सोडे! कोलंबी रोज घालायला आपण काय जावई आहोत?"

पाठोपाठ दोघांचे खो खो हसू. शस्त्रक्रिया तोंडावर असताना बिरडे! मी संतापाने 'गप्पा'समोरचे दोन गुण खोडून शून्य लिहिले. वीस मिनिटांनी सिस्टरांनी दार उघडले.

"एकशे बत्तीस."

"अशक्य!" मी आत धावले. पुन्हा मोजले : १६२. बाहेर गेले : १३४. शास्त्रीय प्रामाणिकपणापोटी पुन्हा आत आले : १६४. प्रयोग इतका स्वच्छ झाला होता, की तो दुसऱ्या कोणावर केला असता तर मी शोधनिबंध लिहिला असता.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. "बेटा, स्टेशनपर्यंत जा, पेढे घेऊन ये. आरामात."

"किती आरामात?"

"टाका लागेपर्यंत."

मी पेढे घेऊन परतले, तेव्हा बाबा डोळ्यावर पट्टी लावून, शस्त्रक्रिया आटोपून खाटेवर बसले होते. उरलेल्या डोळ्याने त्यांनी मला बरोबर ओळखले. "सिस्टर, यंत्र लपवा! आली!"

मी वही उघडून 'गप्पा'समोरच्या शून्याआधी निमूटपणे एक घातला. सिस्टर ते पाहत होत्या. त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि पट्टा माझ्याच दंडाला गुंडाळला.

१५४/९६! वय वर्षे सव्वीस!

"बाय, पुन्ना मोजू. आधी दोन गोष्टी बोलू," सिस्टर प्रेमाने म्हणाल्या. "तू बिरड्यात काय घालतेस गं?"

मला बिरडे करता येत नाही. शेवटची नोंद, दुपारी एक वाजून पाच मिनिटे : १६६/१०२.